पश्चिमेची भिंत, रिपा आणि खिडकीचा गाळा: आतून इन्सुलेशन करताना जिप्सम बोर्ड कसा बसवावा

नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेली नऊ इंची विटांची भिंत दुपारभर ऊन पोटात घेते. ती उष्णता रात्री नऊ-दहानंतर खोलीत उतरायला लागते, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी. फ्लॅटमध्ये बाहेरून इन्सुलेशन करणं बहुतेकांच्या हातात नसतं, त्यामुळे आतून लाकडी रिपा ठोकायच्या, मध्ये एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरिन फोमच्या शीट) किंवा रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकरीसारखी चटई) भरायचं आणि वरून जिप्सम बोर्ड लावायचा, हा मार्ग उरतो. मोकळ्या भिंतीवर हे काम कुठलाही चांगला सुतार करतो. काम बिघडतं ते खिडकीच्या गाळ्यापाशी, म्हणजे भिंतीत खिडकीसाठी सोडलेल्या जागेच्या कडांपाशी. तिथे इन्सुलेशन अर्धवट सुटतं, कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात, पडद्याचा रॉड सैल होतो आणि पहिल्याच पावसाळ्यात बोर्डाची खालची कड फुगते. म्हणून या लेखात भिंतीबद्दल थोडं आणि गाळ्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

गाळ्याच्या बाजू उघड्या ठेवल्या तर काय होतं, याचा ढोबळ हिशोब मांडू. दोन्हीकडून प्लास्टर असलेल्या नऊ इंची भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण २ वॅट उष्णता आत येते. ५० मिमी एक्सपीएस आणि बोर्ड लावल्यावर, रिपांमधून जाणारी उष्णता धरूनही, ती ०.५ च्या आसपास येते. आता सहा बाय चार फुटांची खिडकी घ्या. दोन उभ्या बाजू आणि वरची बाजू मिळून चौदा फूट लांबी होते. खिडकीच्या फ्रेमपासून आतल्या भिंतीपर्यंत पाच इंच खोली धरली तर जवळपास सहा चौरस फूट वीट-प्लास्टर उघडं राहतं. या सहा चौरस फुटांतून जेवढी उष्णता येईल, तेवढी इन्सुलेशन केलेल्या चोवीस चौरस फूट भिंतीतून येते. बारा बाय दहाच्या भिंतीतून खिडकी वजा केली तर शहाण्णव चौरस फूट उरतात. म्हणजे पाव भिंतीचं काम वाया गेलं.

आधी तीन गोष्टी स्पष्ट असू द्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर छताचा स्लॅब आधी, भिंत नंतर. पश्चिमेच्या काचेवर बाहेरून सावली नसेल तर भिंतीवर खर्च करण्याआधी सावलीची सोय करा, कारण काचेतून सरळ येणाऱ्या उन्हाला भिंतीतलं इन्सुलेशन अडवू शकत नाही. आणि गावठाणातल्या जुन्या वाड्याची माती-चुन्यातली जाड भिंत असेल तर हे काम करूच नका. ती भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर एक्सपीएस चिकटवलं की ओल आत अडकते.

ओल आधी, रिपा नंतर

नैर्ऋत्य मोसमी पाऊस वाऱ्याबरोबर नेमका याच भिंतीवर आपटतो. भिंत एका पूर्ण पावसाळ्यात पाहून घ्या आणि काम डिसेंबर ते मार्च या काळात करा. भिंत सुकलेली असते, लाकूड हलत नाही आणि बोर्डांचे सांधे भरायचं जॉइंटिंग कंपाउंड रात्रीत वाळतं.

ओल येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यातली चीर, छज्ज्याखाली ड्रिप मोल्ड (पाणी भिंतीकडे न जाता खाली ठिबकावं म्हणून कडेला काढलेली खाच किंवा पट्टी) नसणं, बाहेरच्या सिलचा (खिडकीखालच्या आडव्या दगडाचा) उतार आत असणं, ग्रॅनाइट आणि ॲल्युमिनियम सेक्शनमधलं सिलिकॉन सुटणं आणि स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधली पाणी बाहेर सोडणारी छिद्रं धुळीने बुजणं. शेवटचं कारण सर्वात जास्त आढळतं आणि सर्वात कमी शोधलं जातं. एका तांब्याने ट्रॅकमध्ये पाणी ओतून पाहा. ते मिनिटाभरात बाहेर गेलं पाहिजे, आत सांडता कामा नये.

शंका असेल तर दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. मागे दव दिसलं किंवा प्लास्टर काळसर झालं असेल तर काम थांबवा. ओल्या भिंतीवर बोर्ड लावला की ओल दिसायची बंद होते, जायची नाही.

बोर्डामागे पॉलिथिन नको

थंड देशांतल्या सूचनांमध्ये बोर्डाच्या मागे पॉलिथिनचा कागद लावायला सांगतात. तिथे घर आतून तापवतात, वाफ आतून बाहेर जाते, म्हणून आतल्या बाजूला अडवतात. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवा दमट असते आणि आत एसी चालू असतो. वाफ बाहेरून आत ढकलली जाते आणि बोर्डामागचं पॉलिथिन ही तिला भेटणारी पहिली थंड जागा ठरते. पाणी तिथेच जमतं. नाशिकची, त्यातही निफाडकडची, हिवाळ्यातली रात्र कितीही गार असली तरी आपण खोल्या तापवत नाही, त्यामुळे त्या कागदाचा हिवाळ्यातही उपयोग नाही. याच कारणाने या भिंतीला नंतर व्हिनाइल वॉलपेपरही लावू नये. जी मेहनत कागदावर घालाल ती हवेच्या फटी बुजवण्यावर घाला.

सामान

हिशोब बारा फूट रुंद, दहा फूट उंच भिंतीचा आहे. खिडकी मधोमध, सहा बाय चार, जमिनीपासून तीन फुटांवर.

- ५० × ५० मिमी रिपा: नासाडी धरून १०० फूट
- १०० मिमी रुंद, ५० मिमी जाड पट्ट्या, गाळ्याभोवती आणि पडद्याच्या रॉडसाठी: ३६ फूट
- एक्सपीएस ५० मिमी, १२५० × ६०० मिमीच्या शीट: ११
- एक्सपीएस २५ मिमी: १ शीट, गाळ्याच्या तिन्ही बाजूंना पुरते
- जिप्सम बोर्ड १२.५ मिमी, सहा बाय चार: ६. त्यातला गाळ्यात जाणारा एक हिरव्या कागदाचा, ओल सहन करणारा
- ८ × १२० मिमी नायलॉन प्लगसकट फ्रेम स्क्रू: ११०
- ड्रायवॉल स्क्रू ३५ किंवा ३८ मिमी: २५०
- फटी भरायला पीयू (पॉलियुरेथेन) फोम, ७५० मिलीचे २ डबे, कमी फुगणारा
- पॉलिमर असलेलं टाइल ॲडहेसिव्ह: १ गोणी
- धातूची कॉर्नर बीड (कोपऱ्याची कड जपणारी पट्टी) आठ फुटी: २, कागदी जॉइंट टेप: १ रोल, जॉइंटिंग कंपाउंड: २० किलो
- सिलिकॉन आणि रंग बसेल असा ॲक्रिलिक सीलंट: प्रत्येकी २ नळ्या

फ्रेम स्क्रू १२० मिमीच का? ५० मिमी रिपेत जातात, १५ मिमी प्लास्टरमध्ये, उरलेले ५५ मिमी विटेत. १०० मिमीचा घेतला तर विटेत जेमतेम ३५ मिमी राहतो आणि प्लास्टरची पकड ही पकड नव्हे. भिंत एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची असेल तर साधा प्लग काही महिन्यांत सैल होतो. एएसीसाठीचा लांब प्लग घ्या, तो ब्लॉकमध्ये ७० मिमी तरी जाऊ द्या आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा.

लाकूड वाळलेलं असणं जातीपेक्षा महत्त्वाचं आहे. प्रक्रिया केलेला पाइन चालतो, साल वृक्षाचं लाकूड चालतं, सागवान असेल तर उत्तमच. वखारीतून ताज्या कापलेल्या रिपा आणल्या असतील तर त्याच खोलीत, मध्ये तुकडे टाकून, दोन-तीन आठवडे रचून ठेवा. ओली रीप नंतर आकसते, स्क्रूचं डोकं बोर्डाबाहेर येतं आणि पुट्टीवर फोड आल्यासारखं दिसतं. वाळवीसाठी बोरॅक्सचं किंवा बाजारात मिळणारं लाकडाचं वाळवीनाशक लावा. कापून झाल्यावर उघड्या टोकांनाही पुन्हा लावा, कारण वाळवी टोकातूनच शिरते.

रिपांऐवजी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचे) चॅनल वापरावेत का, असं बरेच जण विचारतात. वाळवीचा प्रश्न मिटतो हे खरं, पण लोखंड लाकडाच्या शेकडो पट उष्णता वाहून नेतं. चॅनल भिंतीला थेट टेकला की इन्सुलेशनमध्ये तितक्या उष्ण रेषा तयार होतात. चॅनलच वापरायचे असतील तर भिंत आणि चॅनल यांच्यामध्ये फोमची पट्टी द्या. आणि बाकी भिंत जीआयची असली तरी गाळ्याभोवती लाकूडच घ्या, असा आमचा आग्रह आहे. बोर्डाची कड, कॉर्नर बीड, पडद्याचा रॉड, सगळं तिथेच येतं आणि पातळ पत्र्यात स्क्रू फिरायला लागला की दुसरा उपाय राहत नाही.

मापं: गाळा किती अरुंद होणार

गाळ्याच्या उभ्या बाजूंना साइटवर जांब म्हणतात. प्रत्येक जांबावर ५ मिमी ॲडहेसिव्ह, २५ मिमी एक्सपीएस आणि १२.५ मिमी बोर्ड येतो. म्हणजे साडेबेचाळीस मिमी, जवळजवळ पावणेदोन इंच. एवढी जागा खिडकीच्या फ्रेमवर आहे का, हे सामान आणण्याआधी पाहा. काम झाल्यावर ॲल्युमिनियम फ्रेम आतून निदान १० ते १२ मिमी दिसली पाहिजे. नाहीतर सिलिकॉनला जागा उरत नाही आणि पुढे कधी खिडकी बदलायची वेळ आली तर बोर्ड फोडावा लागतो.

जागा कमी असेल तर जांबावरचं प्लास्टर छिन्नीने काढा. १२ ते १५ मिमी मिळतात. तरीही पुरत नसेल तर एक्सपीएस पातळ घ्या, पण शून्यावर येऊ नका. १० मिमी एक्सपीएससुद्धा पंचवीस सेंटिमीटर विटेइतकं काम करतं.

जांबावर भिंतीच्या पूर्ण जाडीचं ग्रॅनाइट बसवलेलं असेल तर दगड बाहेरची उष्णता सरळ आत आणतो. अशा ग्रॅनाइटवर एक्सपीएस लावायचं असेल तर टाइल ॲडहेसिव्ह पॉलिशवर धरत नाही. दगड पुसून पीयू किंवा हायब्रिड पॉलिमर गोंद वापरा. सॉल्व्हंट असलेला रबराचा गोंद एक्सपीएसला आणि थर्माकोलला विरघळवतो, तो कामाला आणूच नका.

जाळीचं दार आत उघडत असेल तर ते पूर्ण उघडून पाहा. भिंत ६२ मिमीने पुढे येते आणि जांब ४२ मिमीने आत. काटकोनात उघडणारं दार नव्या कोपऱ्यावर अडकतं. जाळी सरकती असेल तर हँडलला बोटं जातील एवढी जागा ठेवा.

गाळ्याचे दोन्ही कर्ण मोजा. पाच मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाळा गुण्यात (काटकोनात) नाही. अशा वेळी जांबाचा बोर्ड भिंतीला समांतर न लावता खिडकीच्या फ्रेमला समांतर लावा. डोळा फ्रेमची दिसणारी पट्टी पाहतो. ती वर १० आणि खाली १८ मिमी झाली तर रोज खटकते. भिंतीच्या बाजूचा फरक पडद्यामागे आणि पुट्टीत जिरतो.

खोलीत उजेड कमी असेल तर जांब आतल्या बाजूला थोडे फाकवून घ्या: फ्रेमपाशी ४२ मिमी, आणि खोलीकडे तोच बोर्ड २०-२५ मिमी बाहेर झुकलेला. खोल झालेल्या गाळ्यात उजेड बराच सुधारतो. त्यासाठी गाळ्याभोवतीची पट्टी तितकी मागे घ्यायची आणि एक्सपीएस पाचरीसारखं तासायचं.

गाळ्याभोवतीची चौकट

पहिली रीप इथे बसते, भिंतीच्या टोकाला नाही. १०० मिमीची पट्टी जांबाच्या विटेच्या कडेपासून ३० मिमी गाळ्यात पुढे काढा, उरलेली ७० मिमी भिंतीवर. हे ३० मिमी म्हणजे ॲडहेसिव्ह आणि एक्सपीएस यांची जाडी. जांबावरचं एक्सपीएस या पट्टीला येऊन टेकेल, दोन्ही एका पातळीत येतील आणि जांबाचा बोर्ड दोघांना झाकून पट्टीत स्क्रूने पकडला जाईल.

५० मिमीची साधी रीप इथे का चालत नाही? ती ३० मिमी पुढे काढली तर भिंतीवर २० मिमी राहते आणि स्क्रू विटेच्या कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर येतो. प्लग फुगला की कोपरा उडतो. स्क्रू कोपऱ्यापासून निदान ५० मिमी आत हवा. रुंद पट्टीत तो पट्टीच्या मागच्या कडेपासून २० मिमीवर येतो, म्हणून लाकडाला आधी ८ मिमीचं भोक पाडून घ्या, नाहीतर ते उलतं. कोपऱ्याजवळ विटेत भोक पाडतानाही हॅमर बंद ठेवा, थोडा वेळ लागला तरी चालेल.

उभ्या पट्ट्या गाळ्याच्या वर आणि खाली एकेक फूट जाऊ द्या. वरची आडवी पट्टी त्याच पद्धतीने ३० मिमी खाली लोंबती. ही लिंटेलवर, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईवर येते. ड्रिल सळईला लागलं तर जोर करू नका, भोक दोन इंच बाजूला घ्या. खालची पट्टी सिलच्या दगडाच्या खालच्या कडेला टेकून.

पडद्याच्या रॉडसाठी वरच्या पट्टीला लागूनच दुसरी १०० मिमीची पट्टी, गाळ्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे जाईल अशी द्या. नुसत्या जिप्सम बोर्डावर रॉडचा ब्रॅकेट राहत नाही, आणि बोर्ड लागल्यावर हे आठवलं तर उपयोग नाही. ब्रॅकेट नेमके कुठे येतील ते आधीच विचारून जमिनीवर खुणा करा.

बाकीच्या रिपा

जमिनीलगत आणि छताखाली एकेक आडवी रीप. मग उभ्या रिपा दोन-दोन फुटांवर, मध्य ते मध्य. बोर्ड चार फुटी असल्याने प्रत्येक सांधा रिपेच्या मध्यावर येतो. स्क्रू ४०० मिमीवर. ओळंबा प्रत्येक उभ्या रिपेला लावा. दोन टोकांच्या रिपांना सूत बांधून मधल्या त्याच्या रेषेत आणा. भिंत पोटात गेली असेल तिथे रिपेमागे पाचर द्या, पुढे आली असेल तिथे प्लास्टर खरवडा. सहा फुटी सरळ पट्टी लावली असता कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसू नये. पाचर नेहमी स्क्रूच्या जागीच द्यायची. दोन स्क्रूंच्या मध्ये दिली तर रीप वाकते.

स्विचबोर्ड असेल तर मेन बंद करून डबा नव्या पृष्ठभागापर्यंत पुढे आणून घ्या. पीव्हीसी वायर एक्सपीएसला किंवा थर्माकोलला थेट टेकू देऊ नका, तिच्या आवरणातला मऊपणा पॉलिस्टायरिन शोषतं आणि वायर ठिसूळ होते. कंड्युट पाइप घाला.

इन्सुलेशन भरणं

एक्सपीएस रिपांमधल्या मापापेक्षा ३-४ मिमी कमी कापा आणि चारही कडा फोमने भरा. अगदी घट्ट कापून ठोकायच्या नादात तुकडा एका बाजूला उचलला जातो आणि मागे पोकळी राहते. त्या पोकळीत हवा फिरली की ५० मिमीचं इन्सुलेशन पंचवीसचं काम करतं. रॉकवूल भरणार असाल तर उलट करा, माप १० मिमी जास्त घ्या म्हणजे ते स्वतःच धरून राहील. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क हवाच. रॉकवूल जळत नाही, ही तिची जमेची बाजू. एक्सपीएस जळतं, म्हणून ते बोर्डाखाली पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे, कुठेही उघडं सोडू नका.

गाळ्याभोवती पट्टी आणि भिंत यांच्यामधली फट फोमने भरणं हा सगळ्यात विसरला जाणारा भाग आहे. तिथून मुंग्या एक्सपीएसमध्ये घर करतात आणि पाली आत राहायला येतात. फोम खिडकीच्या फ्रेमला लागून मारताना थोडा थोडा मारा. एकदम भरला तर तो फुगून ॲल्युमिनियमचा ट्रॅक आत दाबतो आणि शटर अडकायला लागतं. फोम वाळेपर्यंत शटर बंद ठेवा आणि मग सरकवून पाहा.

जांब आणि गाळ्याची वरची बाजू

जांबावरचा रंग खरवडून काढा. डिस्टेंपरवर चिकटवलेलं एक्सपीएस डिस्टेंपरसकट सुटतं. एक्सपीएसचा चकचकीत थर तारेच्या ब्रशने खरखरीत करा. २५ मिमीच्या शीटमधून १२५ मिमीच्या चार पट्ट्या निघतात, तेवढ्यात तिन्ही बाजू होतात.

ॲडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पृष्ठभागावर पसरवा. पाच गोळे थापून पट्टी दाबायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. गोळ्यांच्या मधून फ्रेमपाशी शिरलेली गरम हवा थेट पट्टीमागे फिरते आणि पट्टीला टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. वरची पट्टी आधी लावा, तिला लाकडाने टेकू द्या, मग दोन्ही बाजूंच्या. चोवीस तास हात लावू नका.

बोर्डही त्याच क्रमाने. वरचा आधी, मग बाजूचे, म्हणजे उभे बोर्ड वरच्याला खालून आधार देतात. रुंदी फ्रेमपासून रिपेच्या दर्शनी बाजूपर्यंत, आपल्या उदाहरणात १२५ अधिक ५०, म्हणजे १७५ मिमी. फ्रेमकडे ३ मिमी फट सिलिकॉनसाठी ठेवा. बोर्डाच्या मागे ॲडहेसिव्हचा पातळ थर आणि रुंद पट्टीत दर २०० मिमीवर स्क्रू. फ्रेमच्या बाजूला स्क्रू मारायला लाकूड नसतं, तिथे पकड ॲडहेसिव्हचीच असते. बोर्ड रात्रभर टेकू लावून ठेवा. वरच्या बोर्डासाठी सहा फुटी अखंड तुकडाच घ्या, मध्ये सांधा नको.

जांबाच्या बोर्डाची खालची कड सिलच्या दगडाला टेकवू नका. ४-५ मिमीची चकती खाली ठेवून बोर्ड लावा, नंतर ती काढून फट सिलिकॉनने भरा. वादळी पावसात ट्रॅक ओसंडून पाणी सिलवर येतंच. दगडाला टेकलेला जिप्सम ते दिव्याच्या वातीसारखं वर ओढतो आणि महिन्याभरात कागद सुटतो.

भिंतीचे बोर्ड आणि चिरा

इथला एकच नियम पाठ करा: बोर्डाचा सांधा गाळ्याच्या कोपऱ्याच्या रेषेत येता कामा नये, उभाही नाही आणि आडवाही नाही. खिडकीच्या कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो. दारं-खिडक्या आपटतात, लाकूड ऋतूप्रमाणे हलतं आणि तिथे सांधा असला की चीर पहिल्याच वर्षी दिसते, कितीही टेप लावली तरी. सांधा कोपऱ्यापासून निदान सहा इंच दूर हवा.

आपल्या भिंतीची मांडणी अशी होते. चार-चार फुटांचे तीन उभे पट्टे. सांधे डाव्या टोकापासून चार आणि आठ फुटांवर, म्हणजे खिडकीच्या वर आणि खाली, कोपऱ्यापासून सुमारे दहा इंच आत. डाव्या पट्ट्यात खाली सहा फुटी बोर्ड, वर चार फुटी तुकडा. उजव्यात उलट, खाली चार, वर सहा. त्यामुळे आडवे सांधे सहा आणि चार फुटांवर येतात, दोन्ही खिडकीच्या उंचीच्या मध्ये, कोपऱ्यांपासून लांब. या दोन्ही सांध्यांमागे आडवी रीप हवीच. मधल्या पट्ट्यात खिडकीच्या वरचा आणि खालचा तुकडा एकाच सहा फुटी बोर्डातून निघतो, पण जेमतेम. जमिनीपासून १५ मिमी, छतापासून ३ मिमी फट ठेवून दोन्ही मापं आधी लिहून पाहा. जमिनीची फट स्कर्टिंगखाली झाकली जाते आणि फरशी पुसताना पाणी बोर्डाला लागत नाही. चार फुटी तुकड्यांमधून उरलेल्या दोन बाय चारच्या तुकड्यांतून इतर भिंतींची दुरुस्ती होते. जांब हिरव्या बोर्डातूनच कापा.

डाव्या-उजव्या बोर्डांना खिडकीसाठी एल आकाराची खाच पडते. माप जांबाच्या बसवलेल्या बोर्डाच्या दर्शनी पृष्ठभागापासून घ्या, जुन्या भिंतीपासून नाही. भिंतीचा बोर्ड जांबाच्या बोर्डाची कड झाकून त्याच्याशी सपाट संपतो. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात आधी ६ मिमीचं भोक पाडा. एक बाजू करवतीने त्या भोकापर्यंत कापा, दुसरी सुरीने खोल चिरून मोडा. करवत भोकाच्या पुढे गेली तर त्या कापापासूनच चीर सुरू होते.

स्क्रू कडांना दर २०० मिमीवर, मधल्या रिपांवर ३०० वर. कागदाच्या कडेपासून १० मिमी आत, कापलेल्या कडेपासून १५. डोकं कागदाच्या किंचित खाली गेलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर तो स्क्रू धरत नाही, दोन इंचांवर दुसरा मारा. स्क्रू बोर्डाच्या मध्यापासून कडांकडे मारत जा, उलट केलं तर मध्ये फुगवटा अडकतो.

सांधे, कोपरे, सिल

कापलेल्या कडा सुरीने व्ही आकारात तासा, कंपाउंडने भरा, वर कागदी टेप. कोपऱ्यांपाशी फायबर जाळीपेक्षा कागदी टेप ताण जास्त सहन करते. जाळी चिकटवायला सोपी म्हणून लोक तीच वापरतात, पण चिरा पडतात त्याही बहुतेक तिच्यावरच. खाचेच्या कोपऱ्यावर टेपचा एक तिरका तुकडा जास्तीचा लावा. गाळ्याच्या बाहेरच्या कडांना धातूची बीड, वरच्या कोपऱ्यात ४५ अंशांत मिळवलेली. कंपाउंडचे तीन थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावरच पुढचा. मार्चमध्ये एक रात्र पुरते, जुलैत दोन-तीन दिवसही लागतात. मग प्रायमर आणि मगच पुट्टी.

सिल आता ६२ मिमीने कमी पडते. तेवढी पट्टी अधिक १५ मिमी पुढे नाक, असा ग्रॅनाइटचा नवा तुकडा ॲडहेसिव्हवर बसवा. त्याखाली आधाराला खालची रुंद पट्टी आहेच. दगड सपाट किंवा अगदी किंचित खिडकीकडे उतरता हवा, खोलीकडे कधीच नाही. नव्या-जुन्या दगडाचा सांधा इपॉक्सीने, दगड आणि बोर्ड यांच्यातली फट सिलिकॉनने आणि फ्रेमकडची ३ मिमी फट रंगाच्या आधी ॲक्रिलिकने नव्हे तर रंगानंतर सिलिकॉनने भरा, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि ॲक्रिलिक पाण्याजवळ टिकत नाही. ॲक्रिलिक छताच्या आणि शेजारच्या भिंतींच्या फटींसाठी ठेवा.

पहिल्या जोरदार पावसानंतर सिलच्या दोन्ही टोकांना, जांबाच्या खालच्या चार इंचांवर हात फिरवून पाहा. तो भाग गार आणि मऊ लागला तर बोर्ड उघडण्याआधी बाहेरचं सिलिकॉन आणि ट्रॅकची छिद्रं तपासा. पाणी दहापैकी नऊ वेळा तिथूनच आलेलं असतं.